नोकरशाही, पुरावा आणि आपण

शासनाचे धोरण कोण ठरवते, या प्रश्नाला आपल्या चळवळीत एक ठरलेले उत्तर आहे : सत्ताधारी. म्हणून आपले मोर्चे विधानभवनावर जातात, निवेदने मंत्र्यांच्या हाती दिली जातात आणि कायदा मंजूर झाला की आपण समाधानाने घरी परततो. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कायदा दिल्लीत किंवा मुंबईत होतो. माणसाच्या हाती तो पडतो तालुक्याच्या खिडकीत. या दोन ठिकाणांच्या मध्ये बराच मजकूर लिहिला जातो. नियम, शासन निर्णय, परिपत्रक, छापील नमुना आणि नमुन्याच्या तळाशी असलेली ‘सोबत जोडावयाची कागदपत्रे’ ही यादी. हा मजकूर निवडून आलेला माणूस सहसा लिहीत नाही, वाचतही नाही. तो नोकरशाही लिहिते. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त आणि बौद्ध यांच्या बाबतीत हा मजकूर हेच प्रत्यक्षातले धोरण असते, हे मला या लेखात दाखवायचे आहे.

मी सिल्लोडचा. शिक्षकाची नोकरी संपल्यापासून तालुक्यातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. जातीचा दाखला, जातवैधता, गायरानाची नोंद, वनहक्काचा दावा असे त्यांचे विषय असतात. या कामात एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. अर्जदार पात्र आहे की नाही, यावर क्वचितच वाद होतो. वाद होतो तो पुराव्यावर. समोर उभा असलेला माणूस कोणत्या जातीचा, हे त्याच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत, स्मशानात ती जात कोणाला विचारावी लागली नाही. परंतु त्याच जातीसाठी कायद्याने काही हक्क दिले, की ती सिद्ध करावी लागते, आणि सिद्ध करण्याची सारी जबाबदारी त्याच्याच शिरावर येऊन पडते.

जुनाच अनुभव

हा अनुभव आजचा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. सरकारने त्याच वर्षी आपल्या खात्यांना तसे कळवले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपल्या हद्दीत तो स्वीकारला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले तोपर्यंत अस्पृश्याने त्या पाण्याला हात लावला नव्हता. ठराव होता, आदेश होता. तो अमलात आणणे हे आपले काम आहे असे मानणारा अंमलदार नव्हता. आपण महाडकडे सवर्णांविरुद्धचा संग्राम म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण तो अमलात न आलेल्या सरकारी धोरणाचाही निकाल होता, हे आपण फारसे सांगत नाही.

बाबासाहेबांनी हे नीट ओळखले होते. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी मांडलेल्या मागण्यांत राजकीय प्रतिनिधित्वाच्या बरोबरीने सरकारी नोकऱ्यांतील वाट्याची मागणी होती. तिच्याकडे केवळ पोटापाण्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. राज्य चालवणारा माणूस कोणत्या समाजातून आला आहे यावर कायद्याचा अर्थ अवलंबून असतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना संविधान सभेत त्यांनी इशारा दिला, की संविधानाच्या एकाही शब्दाला हात न लावता, नुसत्या प्रशासनाच्या स्वरूपात बदल करून ते निष्प्रभ करता येते. प्रशासनाचे इतके तपशील घटनेत का घातले, या टीकेला दिलेले ते उत्तर होते.

आदेश खाली कसा उतरतो

ज्यांना कचेरीचा कारभार परका वाटतो त्यांच्यासाठी हा प्रवास थोडक्यात सांगतो. विधिमंडळ कायदा करते. त्यात बहुतेक वेळा ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ असे शब्द असतात. विहित कोणी करायचे? शासनाने, म्हणजे त्या विभागाने. विभागात कक्ष अधिकारी टिपणी तयार करतो, ती अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा पायऱ्या चढते आणि नियम किंवा शासन निर्णय म्हणून बाहेर पडते. जिल्ह्यात आल्यावर त्यावर परिपत्रक निघते. तालुक्यात आल्यावर खिडकीवरचा कारकून मागच्या वेळी कोणता अर्ज परत आला होता ते आठवून आणखी एक कागद मागू लागतो. तो कागद कोणत्याच नियमात नसतो. पण वर्षभरात तो रूढ होतो आणि पुढच्या कारकुनाला तोच नियम वाटतो.

मायकेल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाने १९८० साली ‘स्ट्रीट-लेव्हल ब्युरॉक्रसी’ या ग्रंथात हेच मांडले. शिक्षक, पोलीस, कल्याण खात्याचा कर्मचारी असे जे लोक नागरिकाला प्रत्यक्ष भेटतात त्यांचे रोजचे निर्णय मिळूनच सरकारी धोरण तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कामाचा बोजा, अपुरी साधने आणि वरिष्ठांची भीती यांतून हे कर्मचारी आपापल्या सोयीच्या रीती बसवतात. आपल्याकडे यात एक भर पडते. इथला कर्मचारी जातिव्यवस्थेतून आलेला असतो. सवलत मागायला आलेला माणूस त्याला हक्कदार दिसत नाही, संशयित दिसतो. नियमात जागा असेल तिथे हा संशय भरला जातो.

ज्यांना शाळेत घेतले नाही त्यांच्याकडे शाळेचा दाखला

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याला तारखा जोडलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पहिल्या दोन तारखा राष्ट्रपतींच्या आदेशांच्या आहेत. त्या तारखेच्या आधी आपले पूर्वज या भागात राहत होते आणि ते अमुक जातीचे होते, असा कागद अर्जदाराने आणायचा असतो. सर्वांत वजनदार कागद म्हणजे वडील, आजोबा, चुलते यांचा शाळेच्या रजिस्टरचा उतारा किंवा महसुली नोंद.

आता ही अट मराठवाड्याला लावून पाहा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. दप्तर उर्दूत होते. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या मुलाने गुरे राखायची, सालगडी म्हणून राबायचे, हे ठरलेले होते. औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद महाविद्यालय, बाबासाहेबांनी सुरू केले ते १९५० च्या जूनमध्ये. ज्या वर्षी या भूमीत शिक्षणाचे दार आपल्यासाठी उघडले, त्या वर्षाच्या आधीचा शाळेचा उतारा आपल्याकडे मागितला जातो. जमिनीची नोंद म्हणावी तर जमीन नव्हती. जन्ममृत्यूची नोंद म्हणावी तर कोतवाल बुकात नाव लागलेच असेल याची खात्री नाही, आणि लागले असले तर ते उर्दूत आहे. वाचणारा गावात नाही, कचेरीतही सहसा नाही.

ज्यांच्या घरी जुना उतारा असतो त्यांचीही अडचण संपत नाही. मी शाळेत होतो तेव्हा जुनी रजिस्टरे चाळली आहेत. गुरुजीने जातीच्या रकान्यात कधी ‘हरिजन’ लिहिले आहे, कधी नुसते आडनाव, कधी गावात ज्या हिणकस नावाने हाक मारत ते नाव. यांतली बरीच नावे अनुसूचीत नाहीत. म्हणजे मुलाने शाळेत पाऊल ठेवले त्या दिवशी एका गुरुजीने जे खरडले, त्यावर त्याच्या नातवाचा हक्क ठरतो. आजोबाला तो रकाना वाचता येत नव्हता, दुरुस्त करून मागणे तर दूरच.

कायद्याने याला आणखी बळ दिले. राज्याचा जात प्रमाणपत्र देण्याचा व पडताळणीचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. त्याच्या आठव्या कलमानुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. पडताळणीची गरज मला मान्य आहे. खोटे दाखले काढून आदिवासींच्या आणि दलितांच्या जागा लाटल्या गेल्या, हे सत्य आहे आणि त्याचा पहिला फटका खऱ्या हक्कदारालाच बसला. परंतु पडताळणीचा अर्थ कागद असलेल्याला खरा मानणे आणि कागद नसलेल्याला खोटा मानणे असा झाला, तर त्यात पैसेवाला भामटा निसटतो आणि डोंगरातला माणूस सापडतो. जो दाखला बनवू शकतो तो पुरावाही बनवू शकतो. ज्याला दोन्ही बनवता येत नाही तो बाहेर राहतो.

माणूस तसा आहे की पुस्तकात आहे तसा?

सिल्लोड, सोयगाव, कन्नड या तालुक्यांतून अजिंठ्याची डोंगररांग जाते. या रांगेत भिल्ल, ठाकर, तडवी यांच्या वस्त्या आहेत. इथल्या भिल्लांशी सरकारी अधिकाऱ्याची गाठ फार जुनी. १८२५ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात खानदेशात भिल्लांसाठी तीन एजन्स्या उभारल्या गेल्या. त्यांतली एक सातमाळ्याच्या डोंगरासाठी कन्नडला होती. कोणाला जमीन द्यायची, कोणाला भिल्ल पलटणीत भरती करायचे, कोणावर नजर ठेवायची हे एजंट ठरवत असे. विधिमंडळ नावाची वस्तू तेव्हा नव्हतीच; एजंटाचा अहवाल हेच धोरण होते. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यातही कोणती जमात जन्मतः गुन्हेगार समजायची याची शिफारस अधिकाऱ्यांच्या अहवालांवरूनच होई. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याखाली भरडलेल्यांना आज आपण विमुक्त म्हणतो.

या अधिकाऱ्यांनी जाती-जमातींवर ग्रंथही लिहिले. मध्य प्रांतासाठी रसेल आणि हिरालाल यांचे खंड १९१६ चे, मुंबई इलाख्यासाठी एन्थोव्हेनचे १९२० पासूनचे, निजामाच्या राज्यासाठी सय्यद सिराज-उल-हसन यांचा १९२० चा. रसेल आणि एन्थोव्हेन हे दोघे सनदी अधिकारी होते. कोणत्या जमातीचा देव कोणता, लग्नात काय करतात, प्रेत पुरतात की जाळतात, याची वर्णने त्यांत आहेत. शंभर वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने ऐकले ते लिहिले. ते जिज्ञासेने वाचायला हरकत नाही. पण पुढे ती वर्णने मोजपट्टी झाली.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली कुमारी माधुरी पाटील खटल्यात जातपडताळणीची पद्धत घालून दिली. पडताळणी समिती, तिच्याबरोबर दक्षता पथक, आणि जमातीच्या चालीरीतींशी अर्जदाराचे नाते तपासणे. हे शेवटचे म्हणजे ‘आप्तभाव चाचणी’. न्यायालयाचा हेतू बनावट दावे रोखण्याचा होता. प्रत्यक्षात एखाद्या ठाकर मुलीला विचारले जाई : तुमची कुलदेवता कोण, सण कोणते, बोली कोणती, लग्नात अमुक विधी करता का? मुलगी वसतिगृहात वाढलेली, बोली विसरलेली. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही की दावा फेटाळला. म्हणजे शासनाची एक शाखा आश्रमशाळा काढून मुलांना प्रमाण मराठी शिकवते आणि दुसरी शाखा, तुला बोली येत नाही म्हणून तू आदिवासी नाहीस, असे म्हणते. आणि बोली घोकून आलेला बनावट अर्जदार तिथे पास होऊ शकतो.

यात ठाकरांचा जाच दुहेरी होता. १९७६ पर्यंत अनुसूचीत ठाकर जमात फक्त काही जिल्ह्यांतल्या ठराविक तालुक्यांपुरती नोंदली होती. डोंगर तोच, माणसे तीच, पण हद्द ओलांडली की जमात संपली. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने काढली. कायद्याने काढलेली हद्द संशयाच्या रूपाने मात्र कचेऱ्यांत टिकून राहिली. अखेर २४ मार्च २०२३ रोजी ठाकर जमातीच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नाही आणि प्रत्येक प्रकरणात तिच्यावर निर्णय टांगता येणार नाही. १९९४ ते २०२३ ही एकोणतीस वर्षे होतात. तेवढ्या काळात एक पिढी शिकून नोकरीचे वय ओलांडून जाते.

एका रकान्याचे राजकारण

आता आपल्या घरातला दाखला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. पण १९५० च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदूखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजायचे नव्हते. १९५६ साली शिखांसाठी अपवाद झाला. बौद्धांसाठी झाला नाही. महाराष्ट्राने राज्य झाल्यावर आपल्या अखत्यारीतल्या सवलती बौद्धांना दिल्या आणि त्यासाठी ‘नवबौद्ध’ हा शब्द रूढ झाला. केंद्राच्या सवलती मात्र १९९० पर्यंत बंद राहिल्या.

याचा परिणाम फक्त नोकरीवर झाला नाही. जनगणनेचा कर्मचारी घरी आला, आपण ताठ मानेने ‘बौद्ध’ म्हणालो आणि त्याने सूचनेप्रमाणे अनुसूचित जातीचा रकाना कोरा ठेवला. त्यामुळे १९६१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ५.६ टक्के दिसले, १९७१ साली ६ टक्के, १९८१ साली ७.१ टक्के. १९९० च्या दुरुस्तीनंतर झालेल्या १९९१ च्या गणनेत तेच ११.१ टक्के झाले. दहा वर्षांत माणसे एवढी वाढली नव्हती. रकाना उघडला होता. लोकसंख्येच्या प्रमाणात ठरणाऱ्या राखीव जागा, निधीचे वाटे हे सारे तीस वर्षे कमी आकड्यावर चालले. एका सूचनेने लाखो माणसे राज्याच्या हिशेबातून बाहेर राहिली, आणि त्यासाठी कोणाला त्यांचा द्वेष करावा लागला नाही. रकाना भरणाऱ्याने फक्त नियम पाळला.

यातून निर्माण झालेली घालमेल आपण सारे जाणतो. धर्म बौद्ध सांगावा तर केंद्राचा दाखला जातो. दाखला टिकवावा तर ज्या धर्माचा त्याग केला तोच कागदावर राहतो. स्वाभिमान आणि भाकरी यांच्यापैकी एक निवडण्याचा प्रसंग एका छापील नमुन्याने लाखो घरांवर आणला.

गायरान : गुन्हेगार म्हणून नोंद, तरच हक्कदार

चौथे उदाहरण जमिनीचे. मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायरान कसायला घेतले ते हौसेने नव्हे. १९५३ पासून इथे जमिनीचे सत्याग्रह झाले. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह झाले, लाखो माणसे तुरुंगात गेली. एकनाथ आवाडांनी बीडच्या बाजूने हाच प्रश्न गावोगाव नेला. या दबावातून शासनाने भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. त्यांतला महत्त्वाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे त्यात धरायची होती. महात्मा फुल्यांच्या स्मृतिदिनी निघालेला निर्णय, आणि मुदत बाबासाहेबांच्या जयंतीची.

पण त्या दिवशी तुम्ही ती जमीन कसत होता हे सिद्ध कशाने करायचे? तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई नावाची नोंदवही असते. ती अतिक्रमणांची नोंदवही. त्यात नाव असेल, दंडाची पावती असेल, तर पुरावा. म्हणजे शासनाने तुम्हाला आधी अतिक्रमणदार म्हणून लिहून ठेवले असेल, तरच पुढे तुम्ही लाभार्थी होणार. इथे गावाची सत्ता कामाला येते. ज्या जमिनीवर गावातल्या वजनदार माणसांचा डोळा आहे तिथे महाराच्या किंवा पारध्याच्या नावाची नोंद कशी होईल? तलाठ्याला त्याच गावात वसुली करायची असते. पंचनाम्याला पंच गावातलेच लागतात. नोंद झाली नाही, दंड झाला नाही, पावती मिळाली नाही. वीस वर्षे ज्वारी पिकवलेला माणूस कागदावर त्या जमिनीत कधी नव्हताच. मंत्रिमंडळाने दिलेले तलाठ्याने नाकारले असे कुठेच लिहिलेले नाही, कारण नाकारण्यासाठी त्याला काही करावेच लागले नाही. त्याने फक्त लिहिले नाही.

पुढचा घाव याच रिकाम्या रकान्यावर बसला. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या गावसामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने पट्ट्याने दिलेल्या जमिनीचा अपवाद त्यात होता. पण अपवाद पट्टा असलेल्याला. ज्याचा पट्टा एक-ई अभावी झालाच नाही तो अपवादाबाहेर. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला तेव्हा गावोगाव नोटिसा निघाल्या. नोटीस काढणाऱ्याला भूमिहीन कसणारा आणि धनदांडगा बळकावणारा यांच्यात फरक दिसत नव्हता, कारण फरक सांगणारा कागद १९९१ सालीच लिहायचा राहून गेला होता.

शासनाला कागद शोधता येतो

यावर अधिकारी म्हणतात, ‘आमचा नाइलाज आहे, पुरावा नसेल तर आम्ही काय करणार?’ हा नाइलाज खरा नाही, हे गेल्या काही वर्षांनी दाखवून दिले आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. शासनाने स्वतःची यंत्रणा दप्तरखान्यांत उतरवली. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे लावली. सापडलेल्या नोंदी लोकांना पाहण्यासाठी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन गावपातळीवर चौकशीच्या समित्या केल्या, प्रतिज्ञापत्राची वाट दिली. मराठा समाजातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख मला नाकारायचे नाही, आणि तो आरक्षणाचा वाद हा या लेखाचा विषयही नाही. मुद्दा एवढाच आहे, की इच्छा असली तर पुरावा शोधण्याचे ओझे शासन आपल्या शिरावर घेऊ शकते. त्याच दप्तरखान्यांत आमचेही आजोबा असतील. त्यांना शोधायला कोणी समिती नेमली नाही.

दुसरा दाखला वनहक्क कायद्याचा. हा कायदा २००६ चा, नियम २००८ चे. तेराव्या नियमात पुराव्याची यादी आहे. तीत वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून धरले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर उपविभागीय आणि जिल्हा समित्यांनी अमुकच कागद हवा असा आग्रह धरू नये, असे सांगितले. दावे तरीही फेटाळले जातात, हे आमच्या डोंगरात दिसते. पण निदान नियम आपल्या बाजूने आहे, आणि त्यावर बोट ठेवून भांडता येते. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यासाठी बोललेला शब्द पुरावा मानता येतो, हे याच राज्यव्यवस्थेने मान्य केले आहे.

नोकरशाहीतही वेगळी माणसे झाली. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा देणारी दुरुस्ती झाली तेव्हा केंद्राच्या कल्याण मंत्रालयाचे सचिव पी. एस. कृष्णन होते, अत्याचार प्रतिबंधक कायद्यामागेही त्यांचे परिश्रम होते. आंध्रातल्या एस. आर. शंकरन यांनी वेठबिगारांच्या मुक्तीसाठी आपली खुर्ची वापरली. तेव्हा नोकरशाही म्हणजे एक अभेद्य भिंत, असे मी म्हणणार नाही. पण चांगल्या अधिकाऱ्याची वाट पाहत बसणे हे धोरण होऊ शकत नाही. तो बदलून जातो. नमुना तिथेच राहतो.

आपल्या माणसांबद्दलही बोलले पाहिजे. बाबासाहेबांच्या कष्टांमुळे आज आपली मुले तहसीलदार, उपजिल्हाधिकारी, सचिव झाली. त्यांच्याकडून समाजाने अपेक्षा केली ती मदतीची, ओळखीची. ते व्यक्तीपुरते होते. खुर्चीवर आपला माणूस बसला तरी समोरची कागदांची यादी तीच राहिली, तर तोही तेच कागद मागणार. न मागितले तर चौकशी त्याचीच. यादी बदलण्याचे काम एकट्या अधिकाऱ्याचे नाही, ते चळवळीचे आहे.

काय मागावे

पहिले, निजामकालीन दप्तराचा शोध एका समाजापुरता न ठेवता अनुसूचित जाती, जमाती आणि भटके-विमुक्त यांच्यासाठीही घ्यावा, नोंदी देवनागरीत उतरवाव्यात आणि जाहीर कराव्यात. दुसरे, ज्यांच्या कुटुंबात १९५० पूर्वी कोणी शाळेत गेले नाही त्यांच्यासाठी वडीलधाऱ्यांची साक्ष आणि ग्रामसभेचा ठराव हा पुरावा मानावा, वनहक्काच्या नियमात मानला तसा. तिसरे, एक-ई ची नोंदवही दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी.

चौथे आपल्याच हातात आहे. खिडकीवरचा तोंडी नकार कधीही स्वीकारू नये. ‘अमुक कागद आणा, मग बघू’ असे म्हणून परत पाठवलेला माणूस कोणत्याही अहवालात येत नाही. शासनाच्या लेखी त्याने अर्जच केलेला नसतो. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात. अर्ज द्यावा, पोच घ्यावी, नकार लेखी मागावा. तो हाती आला म्हणजे अपील करता येते, न्यायालयात जाता येते. आणि शंभर नकार एकत्र ठेवले म्हणजे कोणत्या कागदावर आपली माणसे अडतात ते दिसते. मी अर्ज लिहून देताना आता तेच सांगतो.

पाचवे, माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे महत्त्वाची धोरणे आखताना त्यांच्याशी संबंधित तथ्ये शासनाने स्वतःहून जाहीर करायची असतात. आपल्या संघटनांनी शासन निर्णय निघाल्यावर निषेध करण्याऐवजी तो मसुद्यात असताना मागितला पाहिजे, आणि पुराव्याची कलमे आधी वाचली पाहिजेत.

आपल्या साहित्याने आपले दुःख सांगितले, आपल्या चळवळीने आपले हक्क मागितले. हक्क आणि माणूस यांच्यामध्ये जो छापील कागद असतो त्याकडे मात्र आपण कारकुनी बाब म्हणून पाहत आलो. ती कारकुनी बाब नाही. कोणाचा शब्द खरा धरायचा आणि कोणाचा नाही, हा प्रश्न मनूच्या काळापासून इथल्या सत्तेचा प्रश्न राहिला आहे. साक्ष कोणाची चालते, हे तेव्हा वर्ण ठरवत होता. आज कागदांची यादी ठरवते. ती यादी कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, आणि तिच्यात आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या शब्दाला जागा का नाही, हे विचारायला आपण आता सुरुवात केली पाहिजे.